डिझाइनचं शिक्षण आणि संगणक: लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

प्रवेशाची फेरी आटोपते, फी भरून होते आणि घरात पुढच्या खर्चाची चर्चा सुरू होते: लॅपटॉप घ्यायचा की डेस्कटॉप? आर्किटेक्चर, इंटिरियर, प्रॉडक्ट डिझाइन, उपयोजित कला, अ‍ॅनिमेशन, यूआय-यूएक्स, शाखा कोणतीही असो, फीच्या खालोखाल हाच मोठा खर्च. तरीही तो बहुधा घाईत उरकला जातो. इंजिनिअरिंगला असलेला चुलत भाऊ काहीतरी सुचवतो, दुकानदार शिल्लक माल पुढे करतो, आणि वर्षभराने कळतं की रंग खोटे दिसतात, रेंडरला (मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र तयार करायला) रात्र पुरत नाही किंवा रोज पाठीवर वाहून नेणं झेपत नाही.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासून घेता येईल. बी.डेस. चार वर्षांचं, बी.आर्क. पाच वर्षांचं. एवढ्या काळासाठी पहिल्याच महिन्यात एक महागडं यंत्र घेऊन मोकळं होणं बहुतेकांना महागात पडतं. सगळ्यांत जड काम शेवटच्या वर्षी, थीसिसच्या वेळी येतं, आणि नेमकं तेव्हा ते यंत्र सगळ्यांत जुनं झालेलं असतं. वॉरंटी संपलेली, बॅटरी थकलेली. म्हणून खर्च दोन टप्प्यांत आखावा: आधी सोबत नेता येईल असा नेटका लॅपटॉप, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गरज खरंच दिसली तर टेबलावरचा डेस्कटॉप. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

पायरी १: सॉफ्टवेअरची यादी मिळवा

दुकानात जाण्याआधी तुमच्याच कॉलेजमधल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, एक दुसऱ्या वर्षाचा आणि एक शेवटच्या वर्षाचा. कोणत्या सत्रात कोणतं सॉफ्टवेअर लागलं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी हाताचं काम जास्त असतं: ड्राफ्टिंग, फ्रीहँड, माउंट बोर्डची मॉडेल्स, रंगसंगतीचे सराव. त्या वर्षी संगणकावर शोध, लेखन, सादरीकरण आणि थोडं फोटोशॉप एवढंच होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं हाताशी असलंच पाहिजे, ही भीती मनातून काढून टाका. घरात चालू स्थितीतला जुना लॅपटॉप असेल तर पहिलं सत्र त्याच्यावर निभावतं. तोवर आपला कल कुठे आहे, हेही कळतं.

यादी हातात आली की ती वजनाप्रमाणे लावा. फिग्मा, इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि साधं फोटोशॉप हे हलकं काम. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप ते आरामात पेलतो. ऑटोकॅड, स्केचअप, राइनो, रेव्हिट यांतलं ड्रॉइंग आणि मॉडेलिंग मध्यम. खरं जड काम रेंडरिंगचं आणि हलत्या चित्रांचं: लुमियन, डीफाइव्ह, व्ही-रे, ब्लेंडर, थ्रीडीएस मॅक्स, आफ्टर इफेक्ट्स. तुमच्या यादीत हा तिसरा गट कधी आणि किती येतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मॅकबुक घ्यावा का, याचं उत्तरही इथेच मिळतं. ग्राफिक, टायपोग्राफी, यूआय-यूएक्स, चित्रपट-संकलन यांसाठी मॅक उत्तम. पडदा अचूक, बॅटरी दिवसभर टिकते, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही. पण रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतात. इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय नाही. आर्किटेक्चर, इंटिरियर किंवा प्रॉडक्ट डिझाइनच्या विद्यार्थ्याने सीनियर्सच्या यादीत ही तीन नावं आहेत का, ते पाहिल्याशिवाय मॅककडे वळू नये. तेच एआरएम प्रोसेसरवरच्या (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या चिपवरच्या) विंडोज लॅपटॉपचं. दिसायला सुरेख, बॅटरीला दमदार, पण आपल्या क्षेत्रातली बरीच सॉफ्टवेअर आणि प्लगइन त्यांच्यासाठी लिहिलेली नाहीत.

पायरी २: काम कुठे होतं, ते पाहा

या निर्णयात वॅट आणि गिगाहर्ट्झपेक्षा जागेला जास्त महत्त्व आहे. डिझाइनचं शिक्षण स्टुडिओत घडतं. शिक्षक तुमच्या टेबलापाशी येतात, मॉडेल फिरवून दाखव म्हणतात, तिथल्या तिथे एक भिंत सरकवायला सांगतात. ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघं एका पडद्याभोवती बसतात. ज्युरीला, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांना, फाइल उघडून दाखवावी लागते. साइटवर मोजमापं घेऊन संध्याकाळी तिथेच कुणाच्या तरी खोलीवर बेस ड्रॉइंग चढवायचं असतं. ज्याच्याकडे फक्त डेस्कटॉप आहे, तो या सगळ्यात पेन ड्राइव्ह घेऊन दुसऱ्याच्या यंत्रापाशी उभा राहतो. कॉलेजची लॅब असते, पण तिला वेळेची मर्यादा असते आणि सबमिशनच्या आठवड्यात तिथे खुर्ची मिळत नाही.

म्हणून एका सामान्य आठवड्याचा हिशेब मांडा. किती तास स्टुडिओत, किती घरी किंवा हॉस्टेलवर, किती प्रवासात? दुसऱ्या वर्षापासून स्टुडिओतले निम्मे तास जरी पडद्यासमोर जात असतील, तर पहिलं यंत्र लॅपटॉपच हवं. तुमचं कॉलेज स्टुडिओत चांगले डेस्कटॉप देत असेल आणि ते रात्री उशिरापर्यंत खुले असतील, तर मात्र गणित बदलतं.

प्रवासाचाही विचार करा. विरारहून चर्चगेटकडे किंवा कल्याणहून सीएसएमटीकडे लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर शीटची नळी असते, हातात मॉडेल असतं. गेमिंग प्रकारातला लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा, त्याचा चार्जर आणखी अर्धा किलो किंवा त्याहून जास्त. गर्दीच्या डब्यात ते रोजचं ओझं होतं, आणि मग लॅपटॉप हळूहळू घरीच राहू लागतो. दीड किलोच्या आसपासचा लॅपटॉप रोज बरोबर येतो.

पायरी ३: नाव सारखं, ताकद वेगळी

लॅपटॉपवरच्या स्टिकरवर लिहिलेलं ग्राफिक्स कार्ड आणि त्याच नावाचं डेस्कटॉपचं कार्ड ही एकच वस्तू नसते. आरटीएक्स ४०७० घ्या. डेस्कटॉपच्या कार्डात १२ जीबी मेमरी आणि २०० वॅट वीज घेण्याची मुभा. लॅपटॉपमधल्या ४०७० मध्ये ८ जीबी आणि जास्तीत जास्त ११५ वॅट. आरटीएक्स ५०७० मध्येही मेमरीचा तोच फरक: डेस्कटॉपला १२, लॅपटॉपला ८. सगळ्यांत वरच्या ४०९० चं पाहा: डेस्कटॉपला २४ जीबी आणि ४५० वॅट, लॅपटॉपला १६ जीबी. नाव एकच ठेवल्यामुळे ग्राहकाची सरळ दिशाभूल होते.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्येही फरक असतो. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ला कंपनीने ३५ वॅट दिले आहेत की ११५, हे त्या-त्या मॉडेलवर ठरतं. बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा कमी वॅट असतात आणि रेंडरचा वेळ त्यामुळे बराच वाढतो. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून माहितीपत्रकात टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणारे कमाल वॅट, हा आकडा शोधा. तो कुठेच दिलेला नसेल तर त्या मॉडेलबद्दल सावध राहा.

कार्डाच्या मेमरीला मी वेगापेक्षाही जास्त किंमत देते. झाडं, गवत, माणसं, मोठी टेक्श्चर्स घातलेलं दृश्य त्या मेमरीत मावलं नाही, तर रेंडर एकतर रडतखडत चालतं किंवा मध्येच थांबतं. मंद कार्ड निदान उशिरा का होईना, काम पूर्ण करतं. आर्किटेक्चरच्या आणि अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्याने डेस्कटॉप घेताना १२ किंवा १६ जीबीचं कार्ड बघावं, भले ते एका पिढीने जुनं असो. मूळ आरटीएक्स ३०६० मध्ये डेस्कटॉपला १२ जीबी आहेत, तर लॅपटॉपमधल्या ३०६० मध्ये सहाच.

प्रोसेसरच्या बाबतीत आय फाइव्ह, आय सेव्हन हे आकडे पाहून फसू नका. शेवटचं अक्षर वाचा. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे ताकदीचा, एचएक्स त्याहून वर. आय सेव्हन १३५५यू हा १५ वॅटचा प्रोसेसर, तर आय फाइव्ह १३५००एच ४५ वॅटचा. जड कामात दुसरा पहिल्याला मागे टाकतो, नावात ‘आय’पुढचा आकडा लहान असूनही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ऑटोकॅड, स्केचअप, राइनोमधलं मॉडेलिंग बहुतांशी एका वेळी एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या एकाच गणन-भागावर) चालतं, तर प्रोसेसरवर होणारं रेंडरिंग सगळे कोअर कामाला लावतं. त्यामुळे स्वस्तात मिळणारं, भरपूर कोअरच्या इंटेल झिऑन प्रोसेसरचं जुनं वर्कस्टेशन रेंडरला बरं वाटलं, तरी रोजच्या मॉडेलिंगला संथ पडतं.

रॅम १६ जीबी ही किमान मर्यादा, आणि जड काम असेल तर ३२. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवण्याची जागा आहे की ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, हा प्रश्न दुकानात विचाराच. मॅकमध्ये आणि अनेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. रॅमचे दोन तुकडे एका तुकड्यापेक्षा चांगले, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा. एसएसडी ५१२ जीबी चालेल, पण दुसरी लावायला स्लॉट आहे का, ते बघून ठेवा.

पायरी ४: उष्णता आणि हवा

हा मुद्दा परदेशी परीक्षणांत नीट येत नाही, कारण ती वातानुकूलित खोलीत केलेली असतात. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी भोवतालच्या हवेचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, जळगावला पारा चाळिशी सहज ओलांडतो. सबमिशनही त्याच सुमारास येतात. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे विकत घेतलेल्या ताकदीतला एक भाग उन्हाळ्यात हाती लागत नाही. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये मोठे पंखे, मोकळी जागा आणि भक्कम हीट सिंक असतो. रात्रभर रेंडर लावून झोपायचं असेल तर डेस्कटॉपला पर्याय नाही, हे मी ठामपणे सांगते. लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर रेंडर लावणं तर धोक्याचंच.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत धोका वेगळा. पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, भिंतीला ओल येत असेल तर त्या भिंतीपासून दूर ठेवा. दोन्ही यंत्रांमधली धूळ वर्षातून एकदा साफ करून घ्या.

पायरी ५: पडदा

दुकानात सगळे प्रोसेसर विचारतात, पडद्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी मात्र हीच सगळ्यांत महत्त्वाची वस्तू. तुम्ही दिवसाचे आठ-दहा तास तिच्याकडे बघणार, आणि रंगाचे सगळे निर्णय तिच्या भरवशावर घेणार.

स्वस्त लॅपटॉपच्या, आणि ताकदवान पण किंमत कमी ठेवलेल्या गेमिंग लॅपटॉपच्याही माहितीपत्रकात ‘४५% एनटीएससी’ असं लिहिलेलं सापडतं. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडद्याच्या रंगांचा आवाका मोजायची दोन मापं. ४५% एनटीएससीचा अर्थ एसआरजीबीच्या रंगांपैकी जेमतेम साठ-पासष्ट टक्के तो पडदा दाखवतो. अशा पडद्यावर कुंकवाचा लाल आणि विटेचा लाल जवळजवळ सारखेच दिसतात. त्यावर ठरवलेलं पोस्टर छापून आलं की रंग भडक वाटतात, आणि दोष विनाकारण प्रिंटरच्या माथी जातो. ‘१००% एसआरजीबी’ किंवा ‘७२% एनटीएससी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. पॅनेल आयपीएस किंवा ओलेड हवं. उजेड किमान ३०० निट्स, कारण स्टुडिओत खिडकीजवळ जागा मिळाली तर त्याखाली काही दिसत नाही. १६:१० या प्रमाणातला पडदा मिळाला तर उत्तम. ती थोडीशी जास्तीची उंची टूलबार आणि लेयर्सच्या कामी येते.

याच कारणासाठी लॅपटॉप घेणाऱ्यांनाही मी नेहमी एक जादा मॉनिटर सुचवते. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस, १००% एसआरजीबी असा साधा मॉनिटर पुरतो. पैसे असतील तर २७ इंची १४४० पिक्सेलचा. ए१ आकाराची शीट १५ इंचांवर लावताना सतत आतबाहेर झूम करावं लागतं आणि रचना एकसंध दिसतच नाही. शिवाय लॅपटॉपवर वाकून चार वर्षं काम केल्याने मान आणि मनगट दुखू लागतं. खोलीवर स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस एवढं केलं तरी शरीराला फार आराम पडतो. आणि हा मॉनिटर वाया जात नाही: पुढे डेस्कटॉप घेतला की तोच त्याला लागतो.

पायरी ६: वीज

लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून वीज गेली तरी काम शिल्लक राहतं. डेस्कटॉप त्याच क्षणी बंद पडतो आणि न साठवलेली फाइल जाते. म्हणून यूपीएसशिवाय डेस्कटॉप घ्यायचा नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेलं यंत्र आणि मॉनिटर मिळून रेंडरच्या वेळी त्या हद्दीच्या जवळ जातात, तेव्हा १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. तोही काही मिनिटंच चालतो. त्याचं काम फाइल साठवून यंत्र नीट बंद करायला वेळ देणं एवढंच. गावाकडे किंवा शहराच्या कडेला जिथे तासन्‌तास वीज जाते, तिथे पहिलं यंत्र म्हणून लॅपटॉपच योग्य.

जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत बऱ्याचदा अर्थिंग नसतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर यंत्र लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. हॉस्टेलमध्ये डेस्कटॉपला परवानगी आहे का, प्लग किती आहेत, टेबलाची लांबी किती, हेही आधीच विचारून घ्या. बिलाची काळजी असेल तर हिशेब सोपा आहे: रेंडर करताना ३०० वॅट खाणारा डेस्कटॉप आठ तास चालला तर २.४ युनिट.

पायरी ७: पैशांची विभागणी

समजा पूर्ण शिक्षणासाठी घरून दीड लाख मिळणार आहेत. एक मार्ग म्हणजे पहिल्याच वर्षी दीड लाखाचा गेमिंग लॅपटॉप. दुसरा मार्ग: पहिल्या वर्षी साठ हजारांच्या आतबाहेरचा, १६ जीबी रॅमचा, चांगल्या पडद्याचा हलका लॅपटॉप, उरलेले नव्वद हजार तसेच ठेवायचे. तिसऱ्या वर्षी त्यातून डेस्कटॉप. दुसऱ्या मार्गात तुम्हाला तेव्हाच्या पिढीचं नवं कार्ड मिळतं, एक यंत्र बिघडलं तर दुसरं हाताशी असतं, आणि रेंडर चालू असताना लॅपटॉपवर शीटचं काम करता येतं. ज्युरीच्या आदल्या रात्री या शेवटच्या सोयीचं मोल कळतं.

मध्ये तुमचा कल बदलला तर ते पैसे वाचतातही. आर्किटेक्चरला गेलेली कितीतरी मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत लेखन, संवर्धन किंवा ग्राफिककडे वळतात आणि त्यांना जड रेंडरिंगची गरजच उरत नाही. बी.आर्क.मधल्या प्रशिक्षणाच्या सत्रात ऑफिसचंच यंत्र वापरायला मिळत असेल, तर त्या काळात नवीन काही घ्यायचं कारण नाही.

आता पूर्ण बजेटच एक लाख असेल आणि एकच यंत्र घ्यायचं असेल तर? लॅपटॉपला ७५ ते ८० हजार, आणि उरलेल्यात मॉनिटर, स्टँड, बॅकअपसाठी हार्ड डिस्क. डेस्कटॉप घेतलात तर मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माउस यांसाठी २० ते २५ हजार आधी बाजूला काढा, मगच कॅबिनेटमधल्या वस्तूंचा विचार करा. कोटेशनमध्ये फक्त कॅबिनेटची किंमत पाहून डेस्कटॉप स्वस्त वाटतो, तिथे पालक चकतात.

अपवाद कोणते, तर हे. अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स किंवा गेम डिझाइनचा विद्यार्थी, जो घरी राहतो आणि ज्याच्या कॉलेजची लॅब चांगली आहे, त्याने पहिल्यापासून डेस्कटॉप घ्यावा. सादरीकरणाला घरातला जुना लॅपटॉप चालतो. फॅशन आणि टेक्स्टाइलच्या विद्यार्थ्याला हलका लॅपटॉप आणि एक पेन टॅब्लेट बहुतेक वेळा पूर्ण शिक्षण पुरतात. हॉस्टेलवर राहणारा, दर सुट्टीत घरी जाणारा आर्किटेक्चरचा विद्यार्थी, ज्याला डेस्कटॉप ठेवायला जागाच नाही, त्याने चांगल्या वॅटचा गेमिंग लॅपटॉप घेणं रास्त आहे. वजन सोसावं लागेल, ते समजून घ्यावं.

घरी डेस्कटॉप आणि स्टुडिओत हलका लॅपटॉप अशी जोडी असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा पार्सेक वापरून स्टुडिओत बसून घरच्या यंत्रावर काम करता येतं. दोन्हीकडे इंटरनेट स्थिर हवं एवढंच.

पायरी ८: खरेदी

लॅपटॉप घेताना पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या. एकाच नावाच्या मालिकेत पडदा, रॅम आणि कार्ड वेगवेगळे असतात. जाहिरातीत चांगला दाखवून हातात साधा दिला जातो. वॉरंटी घरी येऊन दुरुस्ती करणारी आहे का, तुमच्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर आहे का, हे बघा. कोल्हापूर किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला दुरुस्तीसाठी पुण्याला खेपा घालाव्या लागल्या तर एक सबमिशन त्यातच जातं. स्टुडिओत पाणी, रंग, फेविकॉल सगळं टेबलावर असतं, तेव्हा अपघाती नुकसानीचं संरक्षण घेण्यात शहाणपण आहे.

असेंबल्ड डेस्कटॉपसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, नागपुरात सीताबर्डी अशा बाजारांत निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. प्रत्येक भागाचं नाव आणि मॉडेल त्यात असावं. दुकानदार पैसे वाचवतो ते एसएमपीएसवर (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर), म्हणून त्याचं नाव आवर्जून विचारा: चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, ५५० ते ६५० वॅटचा. निकृष्ट एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक लिहून घ्या. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि क्रमांकाशिवाय दावा अडतो.

जुनं घेण्यात कमीपणा नाही. कंपन्यांतून बाहेर पडलेले ऑफिसचे लॅपटॉप मजबूत असतात आणि हलक्या कामाला छान चालतात. फक्त ते विंडोज ११ ला पात्र आहेत का, ते बघा. इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना तुमच्यासमोर अर्धा तास जड काम चालवून दाखवायला सांगा.

अमेरिकेतले किंवा दुबईतले नातेवाईक लॅपटॉप आणणार असतील, तर १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. पण त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

सॉफ्टवेअरचा खर्च यात धरला नाही, कारण तो बराचसा टळतो. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स विनामूल्य देते. कॉलेजचा पुरावा द्यायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. फिग्माची शिक्षणासाठीची योजना फुकट, ब्लेंडर सगळ्यांनाच फुकट, दाविंची रिझॉल्व्हची साधी आवृत्तीही फुकट. क्रॅक केलेली आवृत्ती टाकू नका. त्यातून आलेल्या व्हायरसने थीसिसच्या फाइल्स गेल्या, तर त्या परत आणून देणारं कुणी नसतं.

पायरी ९: पहिला आठवडा

यंत्र घरी आलं की खोका फेकू नका. परतीची किंवा बदलून देण्याची मुदत किती दिवस आहे ते बघा आणि त्या दिवसांत यंत्राला जाणूनबुजून राबवा. सीनियरकडून एक खरी, जड फाइल मागून घ्या. ती उघडा, फिरवा, तासभर रेंडर लावा. ब्लेंडरच्या संकेतस्थळावर चाचणीसाठी नमुना फाइल्स मिळतात, त्याही चालतील. पंख्याचा आवाज, तळाची उष्णता आणि तासाभरानंतरचा वेग नोंदवून ठेवा. पडद्यावर पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून मेलेले पिक्सेल आणि कडेने झिरपणारा उजेड तपासा. छापून घेतलेली एखादी शीट पडद्याशेजारी धरून रंग ताडून पाहा.

त्यानंतर बॅकअप लावा: एक प्रत यंत्रात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. सॉफ्टवेअरमधलं ऑटोसेव्ह दहा मिनिटांवर आणा. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरला जोडलेलाच राहणार असेल तर कंपनीच्या सेटिंगमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा, बॅटरी जास्त वर्षं टिकेल. बिलाचा, सीरियल क्रमांकाचा आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून आईवडिलांच्या फोनवरही पाठवून ठेवा. हॉस्टेलमध्ये यंत्र चोरीला गेलं तर पोलिसांत तक्रार देताना हेच कागद मागतात.